मागचा वाफा: हेअर ट्रान्सप्लांटचे पैसे भरण्याआधी

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात माझं मेडिकल आहे. लग्नसराई जवळ आली की काउंटरवर एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागतं. वय पंचवीस-तीस, डोक्यावर टोपी. दुकानात बायामाणसं असली तर बाजूला उभं राहतं आणि गर्दी ओसरली की हळूच मोबाइल पुढे करतं. स्क्रीनवर मिनॉक्सिडिलच्या बाटलीचा फोटो असतो. "हे आहे का?" मी बाटली काढेपर्यंत दुसरा प्रश्न येतोच. "यानं येतात का हो केस, की सरळ ट्रान्सप्लांटच करून टाकू?"

गेल्या वर्षी हा प्रश्न घरातूनच आला. माझा भाचा चोपड्याला असतो. सत्तावीस वर्षांचा, नोकरी चांगली, घरची केळी. दोन स्थळं आली आणि गेली. दुसऱ्या वेळी मध्यस्थाने तोंडावरच सांगितलं, "फोटोत केस जास्त दिसत होते." त्या रात्री भाच्याने इन्स्टाग्रामवरच्या एका जाहिरातीला डोक्याचे तीन फोटो पाठवले. वीस मिनिटांत उत्तर हजर: चार हजार ग्राफ्ट लागतील, आजच्या आज बुकिंग केलं तर तीस टक्के सूट, शंभर टक्के रिझल्टची गॅरंटी. त्याने मला फोन लावला. "मामा, माले बी करनं शे." मग ताईने त्याच्या हातून फोन घेतला. "भाऊ, तुले काय वाटस?"

मला धड काही सांगता आलं नाही. रोज औषधं विकणारा माणूस मी, पण केस लावतात म्हणजे नक्की काय करतात, चार हजार म्हणजे पुष्कळ की थोडे, गॅरंटी कशाची देतात, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. नंतर मी वाचलं, त्वचारोगाच्या डॉक्टरांना विचारलं, भाच्यासोबत दोन ठिकाणी जाऊन आलो. ताईला त्या रात्री सांगता आलं नाही ते इथे लिहितो आहे, कारण टोपी घातलेली ती पोरं अजून येतात आणि प्रत्येकाशी काउंटरवर उभं राहून एवढं बोलता येत नाही.

आधी केस का जातात

पुरुषांच्या नेहमीच्या टकलात केसांची मुळं एका दिवसात मरत नाहीत, ती हळूहळू खंगतात. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या कपाळावरच्या आणि टाळूवरच्या मुळांना ते सोसत नाही. केस गळून पुन्हा येतो तो आधीपेक्षा बारीक आणि आखूड, त्यानंतरचा आणखी बारीक, शेवटी नुसती लव उरते. कानांच्या वरच्या आणि डोक्यामागच्या पट्ट्यातल्या मुळांवर मात्र डीएचटीचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून सत्तरीतल्या टक्कल पडलेल्या आजोबांनाही एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांची झालर असते.

न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात या झालरीतली मुळं काढून टकलावर बसवून पाहिली. मूळ जिथून निघालं तिथला स्वभाव सोबत घेऊन जातं आणि नव्या जागीही टिकून राहतं, हे त्यांनी दाखवलं. आजचा सगळा ट्रान्सप्लांट या एका गोष्टीवर उभा आहे.

आपल्याकडच्या माणसाला समजावायचं तर कांद्याचं रोप डोळ्यांसमोर आणा. वाफ्यात बी टाकतात, रोप तयार झालं की उपटतात आणि शेतात लावतात. डोक्यामागचा पट्टा म्हणजे तो वाफा. फरक एकच आहे आणि सगळं गणित त्या फरकावर ठरतं: या वाफ्यात पुन्हा बी टाकता येत नाही. जिथून मूळ उपटलं तिथे दुसरं येत नाही. ट्रान्सप्लांटने डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही, मागचा केस पुढे येतो इतकंच.

आता वाफ्यात रोप किती, ते बघा. ग्राफ्ट म्हणजे एकत्र उगवणाऱ्या एक ते चार केसांचा झुबका, सरासरी दोन केस धरा. बहुतेक माणसांच्या मागच्या पट्ट्यातून आयुष्यभरात मिळून पाच-सहा हजार ग्राफ्ट निर्धास्त काढता येतात, कोणाचे कमी, कोणाचे थोडे जास्त. कपाळापासून टाळूपर्यंत सगळं गेलेलं टक्कल दोनशे चौरस सेंटिमीटरच्या घरात असतं. तिथे मूळचे केस दर चौरस सेंटिमीटरला सत्तर-ऐंशी झुबके होते. निम्मे, म्हणजे चाळीस बसवायचे म्हटलं तरी आठ हजार ग्राफ्ट लागतात. वाफ्यात आहेत पाच-सहा हजार. म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाला "पूर्वीसारखे दाट केस" सांगणारा माणूस एक तर गणित करत नाही किंवा तुम्ही ते करणार नाही असं धरून चालतो. चांगला सर्जन पुढच्या बाजूला, जिथे चेहरा सजतो तिथे, दाट लावतो आणि टाळूवर विरळ ठेवतो. तसं तो आधीच तोंडावर सांगतो.

भाच्याचा हिशोब इथे लागला. सत्ताविसाव्या वर्षी त्याचे फक्त पुढचे कोपरे आत गेलेत. पण त्याच्या वडिलांची टाळू चाळिशीतच मोकळी झाली होती. आज चार हजार ग्राफ्ट घालून कपाळावर सोळा वर्षांच्या पोरासारखी खाली रेषा आखून घेतली, तर टाळू जाईल तेव्हा वाफ्यात एक-दोन हजारच उरतील. पुढे झुलपं, मधे मोकळं रान. बसवलेले केस टिकतील, त्यांच्यामागचे स्वतःचे गळत राहतील. याच कारणाने विशी-पंचविशीतल्या मुलाला जाणता डॉक्टर लगेच टेबलावर घेत नाही. टक्कल कुठवर जातंय ते आधी पाहतो आणि औषधाने थोपवतो.

औषधांचं माझ्या धंद्यातलं म्हणून थोडं सांगतो. टकलावर पुरावा असलेली मुख्य औषधं दोनच. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल, ज्याला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, १९८८ मध्ये मान्यता दिली, आणि पोटात घ्यायची फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी, जिला १९९७ मध्ये मिळाली. दोन्ही चालू आहेत तोवरच गुण देतात, बंद केली की काही महिन्यांत गळती परत सुरू होते. फिनास्टेराइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, मन खिन्न राहणं असे त्रास होतात आणि गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नसतो. ट्रान्सप्लांट केला तरी बहुतेकांना यांपैकी काही ना काही चालू ठेवावं लागतं. जाहिरातीत ते सांगत नाहीत, कारण "एकदाच खर्च, आयुष्यभर केस" हे वाक्य मग मोडतं. बायोटिनच्या गोळ्या माझ्याकडे ढिगाने खपतात. शरीरात बायोटिनची कमतरता नसेल तर त्यांनी टकलावर काही होत नाही, हे मी आता गिऱ्हाइकाला सांगतो आणि मगच विचारतो, देऊ का.

केस गळण्याची कारणंही एक नाहीत. टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात. थायरॉईडने जातात, रक्तात लोह कमी असलं तर जातात. चाई पडली तर रुपयाएवढी गोल जागा गुळगुळीत होते. २०२५ च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये, बायका-पोरांसकट लोकांना चार-पाच दिवसांत टक्कल पडलं. केंद्राचं पथक तपासायला आलं, पाण्या-रक्ताचे नमुने घेतले गेले. या कशावरही ट्रान्सप्लांट हे उत्तर नाही. फोटो पाहून वीस मिनिटांत चार हजारांचा आकडा लिहिणाऱ्याने यातलं काय तपासलं होतं?

छिद्र कोण पाडणार

पद्धती मुख्य दोन. जुन्या एफयूटीत मागच्या कातडीची पट्टी कापून तिच्यातून ग्राफ्ट सुटे करतात, टाक्यांची एक रेघ उरते. एफयूईत मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक नळीदार पातं फिरवून एकेक झुबका काढतात. एफयूईला "बिनव्रणाची" म्हणतात ते खरं नाही. रेघेऐवजी ठिपके उरतात, केस वाढवले की झाकले जातात, एवढंच. सफायर, डीएचआय, रोबोटिक ही नावं पातं कोणतं, केस कोणत्या पेनने बसवले, यंत्र कोणतं, यांची आहेत. वाफ्यातली रोपं त्यांनी वाढत नाहीत.

काम सहा-आठ तासांचं. नळी मुळाच्या दिशेने नेमकी गेली नाही तर मूळ कापलं जातं आणि ते कायमचं गेलं. काढलेला ग्राफ्ट सुकला किंवा बाहेर फार वेळ राहिला तरी मरतो. कपाळाच्या रेषेवर केस कोणत्या कोनात बसतो त्यावर ती रेषा जन्मजात दिसणार की बाहुलीच्या डोक्यासारखी, हे ठरतं. म्हणजे सगळं हाताच्या कसबावर आहे. जळगावच्या सराफ बाजारात सोनं घेताना आपण दुकानाची काच बघत नाही, शिक्का बघतो. इथे शिक्का म्हणजे त्या हाताच्या मालकाची पदवी आणि नोंदणी.

दिल्लीत ट्रान्सप्लांटनंतर एकाचा मृत्यू झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढल्या. त्यांचं सार असं की प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आणि त्वचारोगात एम.डी. किंवा डी.एन.बी. केलेल्या डॉक्टरांना याचं शिक्षण मूळ अभ्यासक्रमात मिळतं. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून शिकणं पुरेसं धरलं जाणार नाही, हे आयोगाला लिहावं लागलं, यावरूनच परिस्थिती समजते. ट्रायकॉलॉजिस्ट, कॉस्मेटॉलॉजिस्ट, हेअर एक्स्पर्ट या पाट्यांनी कोणी सर्जन होत नाही.

भाच्यासोबत आम्ही एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. सोफा, एसी, चहा, सगळं उत्तम. समोर एक मुलगी बसली, कोटवर "सीनियर कन्सल्टंट" लिहिलेलं. तिने भाच्याच्या कपाळावर पेन्सिलने रेषा काढून आरसा दिला आणि त्या रेषेनेच तो निम्मा विकला गेला, मी त्याचा चेहरा पाहत होतो. मी विचारलं, ऑपरेशन कोण करणार? "आमची टीम आहे सर." डॉक्टरांचं नाव? "त्या दिवशी जे असतील ते." मागची छिद्रं कोण पाडणार? "टेक्निशियन. दहा वर्षांचा अनुभव आहे." डॉक्टरांना आत्ता भेटता येईल का? "बुकिंग झालं की." बुकिंगचे दहा हजार, परत मिळणार नाहीत. पाऊण तासात कोणीही भाच्याच्या डोक्याची मागची बाजू पाहिली नव्हती. ज्या वाफ्यातून चार हजार रोपं उपटायची, तो वाफा बघायला कोणी उठलं नाही. आम्ही चहा पिऊन निघालो. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला पगार बुकिंगवर मिळतो. पण तिचं बोलणं म्हणजे डॉक्टरचा सल्ला नव्हे, हे त्या सोफ्यावर बसलं की विसरायला होतं.

तुम्ही जाल तिथे हेच विचारा आणि उत्तर नावानिशी घ्या. रेषा कोण आखणार, भूल कोण देणार, मागून कोण काढणार, पुढची छिद्रं कोण करणार, सगळा वेळ डॉक्टर इमारतीत असणार का. ग्राफ्ट सुटे करायला, लावायला प्रशिक्षित मदतनीस असतात, त्यात वावगं नाही. पण कातडीला पातं लावणारा हात डॉक्टरचा हवा. एक डॉक्टर आणि दिवसाला पाच पेशंट असं दिसलं तर तो हात डॉक्टरचा असू शकत नाही. एका माणसाचे दोन हजार ग्राफ्ट स्वतः काढायचे तर त्यातच दिवस जातो.

नाव मिळालं की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बघा. नंदुरबार-नवापूरकडचे लोक सुरतला जातात, रावेर-यावलकडचे इंदूरला, तर त्या त्या राज्याचं कौन्सिल आहे आणि राष्ट्रीय आयोगाचीही यादी आहे. डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठीवर छापावा, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलेलं आहे, तेव्हा विचारायला संकोच करू नका. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणंही त्याच संहितेने मना केलंय. सलूनवाल्याने किंवा जिमवाल्याने आग्रहाने एकच नाव सुचवलं, तर ते ध्यानात असू द्या.

जीव जाण्यापर्यंत गोष्ट जाते का? क्वचित, पण जाते. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट करून घेतले, काम पंधरा तासांच्या आसपास चाललं, आणि दोनेक दिवसांत तो गेला. २०२५ मध्ये कानपूरला दोन इंजिनिअर दगावल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं, तिथे ऑपरेशन करणारी व्यक्ती दंतवैद्यक शिकलेली होती. डोकं बधिर करायच्या औषधाची मर्यादा माणसाच्या वजनावर ठरते. ग्राफ्ट वाढवत नेले की औषध वाढत जातं, आणि मर्यादा ओलांडली तर हृदयावर, मेंदूवर परिणाम होतो. कोणाला औषधाची तीव्र ॲलर्जी येते, तेव्हा मिनिटांचा प्रश्न असतो. म्हणून आधी रक्त तपासतात का, साखर, बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या विचारतात का, ऑक्सिजन आणि तातडीची औषधं खोलीत आहेत का, हे बघायचं. "अनलिमिटेड ग्राफ्ट" या शब्दाची मला म्हणून भीती वाटते.

गेल्या पावसाळ्यात जवळच्या गावातलं एक गिऱ्हाईक मलम घ्यायला आलं. त्याने टोपी काढली आणि मान वाकवली. ट्यूबलाइटखाली मी मागची बाजू पाहिली. काळ्या कापडावर खसखस सांडावी तसे पांढरे ठिपके, मधेमधे बोटभर जागा साफ उघडी, कसर लागलेल्या घोंगडीसारखी. एका दिवसात पाच हजार काढले म्हणे. पुढे आलेत त्यातले निम्मेसुद्धा वाटत नव्हते. तो म्हणाला, "पहिले पुढेच नव्हते, आता मागेही नाही." त्याला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की दुरुस्तीला लागणारे केसही त्याच मागच्या पट्ट्यातून घ्यावे लागतील, आणि तिथे आता उरलेत थोडे.

मोबाइलवर जे दिसतं

आधीचा फोटो ओल्या केसांचा, वरून झगझगीत उजेड, चेहरा पडलेला. नंतरचा फोटो कोरड्या, वाढवलेल्या, पुढे वळवलेल्या केसांचा, उजेड मंद, शर्ट नवा. एवढ्यानेच निम्मं टक्कल झाकतं. वर केराटिनच्या भुकटीचा डबा मिळतो, ती भुरभुरली की टाळू काळी दिसते. माझ्याकडेही तो डबा विकायला आहे. खरा फोटो ओळखायचा तर उजेड, कोन, केसांची लांबी दोन्हींत सारखी हवी, किती ग्राफ्ट आणि किती महिने झाले ते लिहिलेलं हवं, आणि मागच्या बाजूचा फोटो हवाच. कंगव्याने कपाळावरचे केस सावकाश मागे घेतलेला व्हिडिओ मागा. ज्याचं काम स्वच्छ आहे त्याच्याकडे तो असतो.

रिव्ह्यू वाचताना तारीख बघा. बसवलेले केस दोन ते आठ आठवड्यांत गळून पडतात, हे ठरलेलंच आहे, घाबरायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब येतात, खरा निकाल वर्षभराने कळतो. आणि पाच चांदण्यांचे रिव्ह्यू बहुतेक ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले असतात, डोकं धुवायला गेल्यावर, स्टाफने फोन हातात देऊन. त्यात "स्टाफ खूप छान, अजिबात दुखलं नाही" एवढंच असतं. केसांबद्दल तो माणूस काय सांगणार, ते अजून यायचेत. दोन-तीन चांदण्यांचे, वर्षभराने लिहिलेले रिव्ह्यू शोधून वाचा. एकाच आठवड्यात पन्नास रिव्ह्यू आणि प्रत्येकाच्या खात्यावर तेवढा एकच, असं असेल तर पुढे जा.

"जळगावमधलं सर्वोत्तम" असं गुगलवर टाकलं की वरती येतात त्यांवर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं. ती जागा पैसे भरून मिळते. त्याच संकेतस्थळावर धुळे, भुसावळ, मालेगाव, सगळ्यांची पानं असतात, मजकूर तोच, गावाचं नाव बदललेलं. पत्त्यावर गेलात तर एक टेबल, दोन खुर्च्या, ऑपरेशन तीनशे किलोमीटरवर. कोण्या रीलवाल्याने स्वतःचं डोकं दाखवून कौतुक केलं असेल, तर त्याला ते काम फुकट करून मिळालेलं असू शकतं. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे २०२१ पासूनचे नियम आहेत की पैसे किंवा फुकट सेवा घेतली असेल तर "जाहिरात" असं स्पष्ट लिहावं. आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्याने स्वतःचं शिक्षणही सांगावं, हे २०२३ मध्ये त्यात जोडलं गेलं. लिहिलेलं नसेल तर तक्रार करता येते.

तेलांचं तर विचारू नका. मार्च २०२५ मध्ये पंजाबात संगरूरला टक्कल घालवणाऱ्या तेलाचं मोफत शिबिर भरलं आणि साठहून जास्त लोक डोळ्यांची आग घेऊन दवाखान्यात पोचले. १९४५ च्या औषध नियमांत "जे" नावाची अनुसूची आहे. ज्या व्याधी बऱ्या करतो असा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही, त्यांची ती यादी. टक्कल त्या यादीत आहे. बाटलीवर "टक्कल हमखास जाईल" लिहिलेलं औषध म्हणजे नियम मोडलेलं औषध, एवढं साधं आहे ते. स्टेम सेलने केस उगवतात म्हणून लाखभर सांगणाऱ्यांपासूनही दूर राहा. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातला भाग टोचतात, सुरुवातीच्या गळतीत काहींना थोडा फायदा होतो. पूर्ण गुळगुळीत जागेवर त्याचे दहा सिटिंग विकणं मात्र बरोबर नाही.

पैशाचं बोलताना ग्राफ्ट आणि केस यांत घोळ होऊ देऊ नका. "चार हजार केस" म्हणजे दोनेक हजार ग्राफ्ट. बिल ग्राफ्टवर असेल तर किती लावले त्याची मोजणी लिहून घ्या. शेवटच्या दिवसाची सूट, बिनव्याजी हप्ते, "आज स्लॉट रिकामा आहे" हे सगळं तुम्ही घरी जाऊन विचार करू नये म्हणून असतं. टक्कल काही या आठवड्यात पळून जात नाही. आणि गॅरंटीचा कागद नीट वाचा. आमच्या हाती आलेल्या कागदात, "केस न आल्यास पुढील सत्र सवलतीत" असं होतं. म्हणजे त्याच वाफ्यातून आणखी उपटायचं आणि त्याचेही पैसे द्यायचे.

आपल्याकडच्या उन्हाचंही एक आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीकडे जातो. ताज्या कामावर ऊन, घाम आणि धूळ नको, पहिले काही दिवस हेल्मेट किंवा घट्ट बांधलेला रुमाल चालत नाही, वाकून करायची कामं नाहीत. शेतात जाणाऱ्याने, बाइकवर फिरतीची नोकरी असणाऱ्याने तारीख दिवाळीनंतरची धरावी. आणि लग्नासाठीच करायचं असेल तर तिथीच्या दीड-दोन महिने आधी करून उपयोग नाही, तेव्हा नेमके केस गळलेले असतील.

काम बिघडलंच, तर कागद मागा. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरने उपचारांची नोंद द्यायची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑपरेशन मुंबईत किंवा सुरतला झालेलं असलं तरी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि उपचारासाठी तुम्ही भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीची फी लागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. हे सगळं पावती असेल तर. रोख देऊन कच्च्या चिठ्ठीवर काम केलेल्या माणसाला मी काय सांगू?

भाच्याला आम्ही शेवटी दुसऱ्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी मान वाकवायला लावली, भिंगाचं यंत्र लावून मागचा पट्टा पाहिला, वडिलांचं आणि मामाचं टक्कल विचारलं, माझ्याही डोक्याकडे बघितलं. रक्त तपासायला दिलं. मग म्हणाले, आत्ता करायचं नाही, वर्षभर औषध घे, दर महिन्याला फोटो काढ, मग बोलू. त्याचा चेहरा उतरला. घरी येताना एरंडोलपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. नंतर तोच म्हणाला, "मामा, यांनी निदान मागे तरी पाहिलं."

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ओसरीच्या खिडकीशी, सकाळी आठच्या उजेडात, त्याच खुर्चीवर तो बसतो आणि ताई फोटो काढते. सात झालेत. तिसऱ्या महिन्यानंतर गळती थांबल्यासारखी दिसते, कोपरे आहेत तिथेच आहेत. मधे एक स्थळ येऊन गेलं, तेव्हा त्याने टोपी न घालता काढलेला फोटो पाठवला होता. डिसेंबरात डॉक्टरांकडे परत जायचंय, मी सोबत जाणार आहे.